बर्फानं दळलेली माती आणि आपली चिबड: निचरा न होणाऱ्या रानजमिनींची पार्श्वभूमी

चंद्रपूरपासून पश्चिम-नैर्ऋत्येला सुमारे १६ किलोमीटरवर, इरई गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रात जुना चुनखडक उघडा पडलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली त्याची नोंद केली. खडकाचा माथा घासून गुळगुळीत झालेला, त्यावर ओढत नेल्यासारखे ओरखडे, आणि वर चिकणमातीच्या घट्ट थरात रुतलेले लहानमोठे गोटे. नदीतला गोटा सगळ्या अंगांनी गोल होत जातो. या थरातल्या काही गोट्यांची मात्र एखादी बाजू कानस मारल्यासारखी सपाट असते आणि तिच्यावर बारीक रेघा दिसतात. वाहतं पाणी असं काम करत नाही. बर्फाच्या तळाशी आवळलेला दगड खालच्या खडकावरून फरफटत गेला, तरच अशी बाजू तयार होते.

म्हणजे मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढणाऱ्या या मुलखावर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या. त्यांनी टाकलेल्या गाळाचा आता खडक झाला आहे. त्याला तालचेर थर म्हणतात, कारण अशा गोट्यांचं मूळ बर्फात आहे हे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेर भागावरून मांडलं होतं. युरोपात लुई अगासी यांनी हिमयुगाची कल्पना १८३७ साली जाहीर मांडली, त्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. हिंदुस्थानात बर्फ होता, हे पटायला तेव्हा फार जड गेलं. इरईच्या ओरखड्यांनी पुराव्याला बळ दिलं.

आपली कन्हार, म्हणजे भारी काळी माती, या थरातून आलेली नाही. ती बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची माती. तरीही बर्फाच्या मातीची कूळकथा आपल्याला माहीत असायला हवी, कारण पाठ्यपुस्तकात ‘निचरा नसलेली जमीन’ कशी ओळखायची आणि कशी सुधारायची याचे जे ठोकताळे आहेत, त्यांतले बरेचसे उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या थंड मुलखांत, बर्फाच्या चिकणमातीवर उभ्या असलेल्या जंगलांत आणि ती जंगलं तोडून काढलेल्या शेतांत ठरले. ते जसेच्या तसे इथं लावले की गफलत होते.

या मातीला तिकडं ‘टिल’ म्हणतात. हा शब्द स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांचा. नांगराला दाद न देणारी, दगडगोट्यांनी भरलेली ताठर चिकणमाती म्हणजे टिल. शास्त्रज्ञांनी तो पुढं तसाच उचलला. हिमनदी म्हणजे मोठं जातंच: खडकाचे तुकडे, वाळू, पोयटा, पीठासारखी बारीक भुकटी, सगळं एकत्र दळलं जातं आणि बर्फ वितळला की चाळणी न लागता तसंच खाली बसतं. नदीचा गाळ निवडून बसतो, जड आधी आणि हलका नंतर. टिलमध्ये हाताएवढा गोटा आणि डोळ्यांना न दिसणारा चिकणकण शेजारी शेजारी असतात. त्यातही बर्फाच्या खाली, त्याच्या वजनानं चेपून बसलेलं टिल सर्वांत घट्ट. त्याचं घनत्व दर घनसेंटिमीटरला १.७ ते २ ग्रॅमपर्यंत जातं. अशा थरात मूळ शिरत नाही आणि पाणी तर फारच हळू उतरतं.

अमेरिकेतल्या ओहायो आणि इंडियाना राज्यांत ब्लाउंट नावाची माती फार मोठ्या क्षेत्रावर आहे. शेवटचं हिमयुग ओसरलं, टिल उघडं पडलं आणि त्यावर पानझडी जंगल उगवलं. त्या जंगलाखालची माती कापून पाहिली तर वर पालापाचोळ्याचा पातळ थर दिसतो. त्याखाली वीतभर काळपट करडी माती, मग फिकट राखाडी थर. या थरातली चिकण पावसानं धुऊन खाली नेलेली असते, म्हणून चिमटीत घेतला तर तो पिठूळ लागतो. त्याखाली चिकणमातीचा खरा थर. इथं चिकण ३५ टक्क्यांच्या वर, ढेकळांचे कोन धारदार आणि प्रत्येक ढेकळावर मेणाचा हात फिरवल्यासारखं चिकणीचं चकचकीत आवरण. साधारण पाऊण ते सव्वा मीटरवर चुनायुक्त, चेपलेलं मूळ टिल लागतं. चिकणीच्या थरातून आणि टिलमधून पाणी तासाला १.५ ते ५ मिलिमीटर इतक्याच वेगानं झिरपतं, कधी त्याहूनही कमी. पाऊस किंवा वितळतं बर्फ यापेक्षा जास्त आलं की पाणी अडून वरच थांबतं. खरी भूजलपातळी कितीतरी खाली असते आणि मधली माती पाण्यानं पूर्ण भरलेली नसते. याला लटकतं पाणी म्हणतात.

पाणी थांबलं की मातीचा रंग बदलतो, आणि हा रंग या सगळ्या अभ्यासाचा कणा आहे. पाण्यातून प्राणवायू हवेच्या सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. मातीतले जीवाणू शिल्लक प्राणवायू संपवतात, मग नायट्रेटवर जातात, मग मँगेनीजवर, मग लोहावर. तांबूस लोह पाण्यात विरघळणाऱ्या रूपात जातं आणि सरकतं. जिथून गेलं ती माती राखाडी पडते. पाणी ओसरल्यावर मुळांच्या नळ्यांतून हवा आत आली की तेच लोह कडेला गंजासारखं बसतं. करड्या मातीत तांबडे-नारिंगी ठिपके म्हणजे इथं दरवर्षी काही आठवडे पाणी राहतं, ही मातीनं लिहून ठेवलेली नोंद. अशा निळसर-करड्या चिकट थराला ‘ग्ले’ हे नाव रशियन शास्त्रज्ञ व्हिसोत्स्की यांनी १९०५ मध्ये शास्त्रात आणलं, आणि तोही मुळात तिकडच्या खेड्यांतला बोलीतला शब्द. पाणी साचून राहणाऱ्या जमिनीसाठीच्या आपल्या ‘चिबड’ आणि ‘पाणबसन’ या शब्दांची पात्रता त्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

जंगलावर याचा परिणाम उघड दिसतो. एल्म, अ‍ॅश, लाल मेपल अशी पाय ओले सोसणारी झाडं इथं टिकतात. मुळं खाली जाऊ शकत नाहीत, ताटासारखी पसरतात. मोठ्या वादळात झाड मुळासकट उलथतं, तिथं खड्डा आणि बाजूला ढिगारा राहतो. शेकडो वर्षं असं होत गेल्यानं जुन्या रानाची जमीन उंचसखल होते. शेतासाठी ती सपाट केली की हे पाणी साठवणारे खळगेही जातात.

मग लोकांनी पाणी काढायला सुरुवात केली. न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा गावाजवळ जॉन जॉन्स्टन या स्कॉटिश शेतकऱ्यानं १८३५ मध्ये मायदेशातून भाजलेल्या कौली नळ्यांचे नमुने मागवले आणि पुढं तशा नळ्या जमिनीत पुरायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायव्य ओहायोची ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’ ही प्रचंड जंगली दलदल चर आणि नळ्यांनी कोरडी झाली आणि पुढं तिथं मक्या-सोयाबीनचा पट्टा उभा राहिला. जड मातीत नळ्या साधारण एक मीटर खोल आणि १० ते १५ मीटर अंतरानं टाकतात. फायदा खरा आहे. किंमतही खरी आहे: त्या नळ्यांतून खताचा स्फुरद थेट ओढ्यात आणि पुढं एरी सरोवरात जातो, आणि त्यावर विषारी शेवाळ माजतं. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच सरोवरकाठच्या टोलेडो शहराला सुमारे तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. जंगल असताना ही माती पाणी धरून गाळत होती, हे तेव्हा पुन्हा नव्यानं कळलं.

आता आपल्याकडं. तिकडच्या टिलमधली चिकण बहुतेक इलाइट जातीची, ती फारशी फुगत नाही. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट, ती भिजली की फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात भेगा मिटल्या की तीच माती बंद पेटी होते. नळीभोवतीच्या चरातही भरलेली माती फुगून बसते. म्हणून वाळू-खडीचं वेष्टण न देता टाकलेली नळी दोन-चार हंगामांत निकामी होऊ शकते. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तर सोडियमची भर पडते. सोडियमनं चिकणकण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात, आणि चोपणपणाची (सोडियम वाढून जमीन बिघडण्याची) १५ टक्के विनिमयी, म्हणजे चिकणकणांना धरून असलेल्या, सोडियमची पुस्तकी मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी निचरा खालावलेला असतो. तिथं मातीपरीक्षण करून जिप्सम दिल्याशिवाय नुसती नळी टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

दुसरा फरक ऋतूचा, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिकडं पाणी थांबतं ते हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात, झाडं निष्पर्ण असताना, गार मातीत. जीवाणू सुस्त असतात, मुळांची भूक कमी असते. आपल्याकडं पाणी थांबतं श्रावण-भाद्रपदात, उबदार मातीत, पीक आणि रोप जोमात असताना. एक-दोन दिवसांत मुळाजवळचा प्राणवायू संपतो. सोयाबीन पिवळं पडतं, तूर मरते, कपाशी पावसानंतर ऊन पडताच एकाएकी मलूल होते. तिकडचं झाड आठवडाभर सोसतं म्हणून इथली तूर तेवढं सोसेल, असं धरून चालता येत नाही.

तिसरी गफलत रंगाची. काळ्या मातीत राखाडी डाग दिसत नाहीत. मातीचा काळेपणा ते झाकतो, आणि चुनखडीमुळे सामू (पीएच) जास्त असल्यानं लोह सहज विरघळतही नाही. ‘डाग नाहीत, म्हणजे निचरा ठीक’ हा निष्कर्ष इथं चुकतो. त्याऐवजी फूट-दीड फुटाखाली ऑलिव्ह झाक, मँगेनीजचे काळे ठिपके, चुनखडीच्या खड्यांवर काळी पुटं आणि एकमेकांवर घसरून आरशासारखी झालेली ढेकळं शोधावीत. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत सिहार आणि मोरांड या कन्हारपेक्षा हलक्या जमिनीत, विशेषतः धानाच्या बांधीत, तांबडे ठिपके मात्र स्पष्ट दिसतात. तिथं पुस्तकातली खूण चालते.

वनलागवडीत हाच विचार हवा. साग पाणबसन जमिनीत खुरटतो. ऐन, ज्याला झाडीपट्टीत येन म्हणतात, जड मातीत तग धरतो. ओलाव्याच्या कडेला अर्जुन, जांभूळ, करंज आणि कोरड्या काळ्या भागात बाभूळ चालते. ओल्या चिकणमातीत यंत्रानं खड्डा घेतला तर कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि खड्ड्याची कुंडी होते: आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं, बाहेर पडत नाही. रोप सडतं आणि दोष रोपवाटिकेवर जातो. कडा सब्बलीनं खरवडाव्यात आणि रोप फूटभर उंच मातीच्या उंचवट्यावर लावावं. शेतात रुंद वरंबा-सरी हेच काम करते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकात काळ्या मातीसाठी बसवलेल्या पद्धतीत वरंबा आणि सरी मिळून दीड मीटर असतात आणि सरीला हलका उतार दिलेला असतो. उतार नसला तर सरीच तळं होते, आणि सरीचं पाणी धुऱ्यापाशी अडलं तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं.

कोणताही खर्च करण्याआधी एक परीक्षा स्वस्तात होते. वितीएवढ्या रुंदीचा, मीटरभर खोल खड्डा जुलैच्या शेवटी, जोराचा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी घ्यावा. पावसाचं पाणी आत पडू नये म्हणून वर पत्रा ठेवावा. आतली पाणीपातळी रोज सकाळी काठीनं मोजावी. पाणी वरच्या फूटभरात कडेनं झिरपत आलं आणि खड्ड्याचा तळ सुरुवातीला कोरडा होता, तर ते लटकतं पाणी, आणि उथळ चर पुरतील. पाणी तळातून वर चढलं, तर भूजलच वर आलं आहे, आणि उथळ चरानं काही होणार नाही. पाणी चवीला मचूळ लागलं तर आधी मातीपरीक्षण, मग चर.