‘समक्ष भेटा’च्या मागची गोष्ट

‘त्वरित पाहिजेत. अनुभवी टंकलेखक. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटा.’ छोट्या जाहिरातींचा हा साचा कुणा लेखनपटूने घडवलेला नाही. तो घडवला वर्तमानपत्राच्या दरपत्रकाने. पैसे शब्दांवर किंवा ओळींवर मोजले जायचे, म्हणून क्रियापदं गळाली. रोज नेमकं काय करायचं, हे सांगायची जबाबदारी ‘समक्ष भेटा’वर पडली. रांग लागायची, पण रांगेतल्या निम्म्यांना आपण कशासाठी उभे आहोत हे धड ठाऊक नसायचं.

जागा नव्हती तरी अटी मात्र बसायच्या. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी नोकऱ्यांचे रकानेच वेगळे असत. नोकरीत स्त्री-पुरुष भेदाला मनाई करणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतरही काही पत्रांनी ते चालू ठेवले. १९७३मध्ये ‘पिट्सबर्ग प्रेस’ या वर्तमानपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची स्थानिक बंदी उचलून धरली.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचा निकाल १९७१चा, ड्यूक पॉवर कंपनीविरुद्ध ग्रिग्ज यांचा. या कंपनीच्या वीजकेंद्रात मजुरी सोडून वरच्या विभागात जायचं तर शालान्त प्रमाणपत्र किंवा लेखी चाचणी लागे. ते नसलेले जुने गोरे कर्मचारी त्याच विभागांत व्यवस्थित काम करत होते. अट आडवी येत होती ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय कामगारांना. न्यायालय म्हणालं, अशी गाळणी लावायची तर तिचा कामाशी संबंध दाखवा. ‘किमान पदवीधर’ असं सवयीने टंकणाऱ्या प्रत्येकाने हा खटला वाचावा.

दुसरा धागा विम्याचा. १९५६मध्ये मानसशास्त्रज्ञ जोसेफ वाइट्झ यांनी विमा एजंट होऊ पाहणाऱ्यांपैकी काहींना कामाचं खरं चित्र दाखवणारी पुस्तिका दिली. ती वाचून आलेल्यांत नोकरी सोडणारे कमी निघाले. कामाचा जाच आधीच सांगितला तर माणसं पळतील, ही धास्ती तिथे खरी ठरली नाही.

१९९४मध्ये मॉन्स्टर बोर्ड हे नोकरीच्या जाहिरातींचं संकेतस्थळ आलं. पुढे अशी स्थळं वाढली, ओळींचा हिशेब संपला आणि जाहिराती फुगल्या. वीस-वीस अपेक्षा, त्यात ‘धडाडी’ आणि ‘स्पर्धात्मक वृत्ती’. २०११च्या एका अभ्यासात अशा मर्दानी शब्दांच्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटल्या. काम जमणार नाही असं त्यांना वाटलं नव्हतं, तिथे आपण परके ठरू असं वाटलं.

पगार सर्वांत उशिरा उघडा झाला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१पासून जाहिरातीत वेतनाचा किमान-कमाल पल्ला द्यावाच लागतो. युरोपीय संघाच्या २०२३च्या निर्देशानुसार उमेदवाराला तो मुलाखतीआधी कळायला हवा, आणि आधीच्या नोकरीत किती मिळत होते हे मालकाने विचारायचं नाही. ‘पगार योग्यतेनुसार’ एवढ्यावर तिथे आता भागत नाही.