मिस कॉल : फुकटच्या घंटीची थोडी पार्श्वभूमी

२०२४ च्या डिसेंबरात दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, मोबाइल कंपन्यांना सांगितलं की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक वेगळे ठेवा, आणि तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात, विशेषतः नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडकडच्या मंडळींत, 'फुकट इनकमिंग परत येणार का' हा विषय पुन्हा निघालाय. घरातल्या पोरांना यातलं अर्धं कळत नाही, कारण त्यांनी मिस कॉल पाहिलाय पण कधी दिलेला नाही. म्हणून जरा मागचं सांगतो.

आधी शब्दाचा घोळ, कारण पुढचे सगळे वाद त्यातूनच निघतात. इंग्रजीत तो कॉल ज्याला आला त्याच्याकडून राहून जातो, म्हणून तो मिस्ड. आपल्याकडे मिस कॉल देतात. मारतात. 'पोचला की मिस मार भो' यात कोणाचं काही राहून गेलेलं नसतं, दोन्हीकडून ठरलेलं असतं, उलट समोरच्यानं चुकून उचलला तर तोच गुन्हेगार, 'उचलला कशाला, गेला ना रुपया!' शब्द तोच, पण काम करणारा दुसरा. फोनच्या स्क्रीनवर '२ मिस्ड कॉल' येतं ते पहिल्या अर्थानं आणि आपण वाचतो दुसऱ्या अर्थानं. यावरून आमच्याकडे कितीदा वाजलंय. मी एसटीतून उतरून खरोखर फोन लावतोय, डबा कुठं विसरला ते विचारायचंय, आणि आई निवांत, संध्याकाळी विचारलं तर म्हणते, 'दोन घंट्या वाजल्या ना, म्हटलं पोचलास.' तिसरा अर्थ नंतर आला, 'या नंबरवर मिस कॉल द्या' असं बॅनरवर छापायला लागले तो. तिथं तुमची घंटी हीच तुमची सही. त्यामुळे कोणी 'मिस कॉल बंद झाले' म्हणालं की आधी विचारावं लागतं, यातला कुठला?

खरं म्हणजे मोबाइलच्या आधीपासून 'रिंग देतो' होतंच. लँडलाइनला पलीकडे रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजला कळायचं आणि मग मीटर पडायला लागायचं, नुसत्या घंटीचं बिल नाही.  बाहेरगावी फोन लावायच्या एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर पाव दर म्हणून रांग लागायची, आणि त्या रांगेत एखादा हमखास असा की मुंबईला ०२२ फिरवून दोन घंट्या देणार, रिसीव्हर ठेवणार आणि बूथवाल्याला म्हणणार 'लागत नाहीये'. बूथवाल्याचा लाल आकड्यांचा डिस्प्ले शून्यावर, लाइन अडकून पडलेली, पैसा नाही. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडसमोरच्या एका बूथवर पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, 'रिंग देण्याचा १ रु. पडेल'. नंतर रुपया टाकायचे फोनचे डबे आले त्यात पलीकडून उचललं नाही तर नाणं परत, त्यामुळे कॉलेजातल्या पोरांचा एकच रुपया आठवडाभर चालायचा.

मोबाइल देशात आला ३१ जुलै १९९५ ला. तेव्हा दर मिनिटाला ८ रुपये ४० पैसे आणि गर्दीच्या वेळी १६ रुपये ८० पैसे, आणि गंमत म्हणजे फोन घेणाऱ्यालाही पैसे. म्हणजे कोणी तुम्हाला फोन केला तर बिल तुमचं. त्या काळात फोन वाजला की माणूस नंबर बघायचा, कट करायचा आणि जवळचा लँडलाइन शोधायचा. मिस कॉलची पहिली पिढी ही, मोटारी असलेल्या लोकांची, आणि ते आता कबूल करत नाहीत.

मग २००३. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून लावणाऱ्यानं पैसे द्यायचे, घेणाऱ्याला इनकमिंग फुकट. हा निर्णय आज सगळ्यांना चांगला वाटतो पण तेव्हा लँडलाइनवाले वैतागले होते, कारण त्यांना मोबाइलला फोन लावणं महागात पडायला लागलं. पण फुकट इनकमिंग म्हटल्यावर ज्याच्याकडे बॅलन्स नाही त्यालाही फोन ठेवायला अर्थ आला. दीड रुपया शिल्लक असलेला माणूससुद्धा सगळ्या जगाला घंटी देऊ शकत होता. २००५ संपता संपता लाइफटाइम आलं, ९९९ भरा आणि आयुष्यभर इनकमिंग. आयुष्य कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी नियामकानं खुलासा केला की लाइफटाइम म्हणजे कंपनीच्या परवान्याचं आयुष्य, वाढवून मिळाला तर तेही धरून. आमच्या मामांनी ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवली होती, अजून आहे.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं म्हणजे मिस कॉलचा सुवर्णकाळ असं मी म्हणेन. मनमाडहून सुटणारी पंचवटी घ्या. पासवाले रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणारे, एका मिनिटानं गाडी हुकली तर दिवस गेला. लासलगावला चढणारा एक जण गाडी सुटली की नाशिकरोडच्या दोघा-तिघांना एकेक मिस द्यायचा, निफाडवाला दुसरा मिस द्यायचा, आणि मग आमचे शेजारी चहाचा शेवटचा घोट घेऊन स्कूटरला किक मारायचे. गाडी लेट असली की मिस येतच नसे, आणि न येणं हाच निरोप. सगळा महिना मिळून खर्च शून्य. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांचं वेगळं, एक घंटी म्हणजे सुटलो, दोन म्हणजे ओव्हरटाइम, आणि तीन झाल्या तर फोन कर, काहीतरी आहे. प्रत्येक घराची भाषा वेगळी. प्रेमात पडलेल्यांची तर फारच वेगळी, ते इथं नको.

धंदेवाल्यांना हे कळायला वेळ लागला. २०१० मध्ये बेंगळुरूत एक कंपनी फक्त यावरच निघाली, लोक मिस कॉल देणार आणि जाहिरातदार उलट निरोप पाठवणार, आणि २०१५ ला ती ट्विटरनं विकत घेतली. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात पाठिंब्याचे मिस कॉल मागवले गेले, २०१४-१५ ला एका राष्ट्रीय पक्षानं सदस्य नोंदणी मिस कॉलवर केली, बँकांचं बॅलन्स, पीएफचं बॅलन्स, सगळं तसंच. म्हणजे गरजेपोटी काढलेली युक्ती बघता बघता ऑफिसात जाऊन बसली.

आता खरा वाद, २०१९ चा, घंटी किती सेकंद वाजावी याचा. यावर लोकांनी फार कमी लिहिलंय म्हणून मी जरा लांबवतो. पार्श्वभूमी अशी की एका कंपनीच्या माणसानं दुसऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला तर पहिलीनं दुसरीला मिनिटामागे काही पैसे द्यायचे, कारण दुसरीचं नेटवर्क वापरलं. हे एकेकाळी ३० पैसे होते, २००९ ला २०, २०१५ ला १४, २०१७ च्या ऑक्टोबरात ६. आणि हे पैसे फोन उचलला तरच. आता बघा, मी तुला लावला आणि तू उचलला तर माझी कंपनी पैसे देणार, पण तू नाही उचलला आणि उलट लावला तर तुझी कंपनी देणार. म्हणजे न उचललेला प्रत्येक कॉल पैशाचं तोंड फिरवतो. २०१६ च्या सप्टेंबरात जी नवी कंपनी आली तिनं कॉल फुकट केले, त्यामुळे बाकीच्यांचे साध्या फोनवाले ग्राहक तिच्या ग्राहकांना मिस द्यायला लागले, 'तुझं फुकट आहे ना, तू कर'. नाशिकमध्ये हे वाक्य त्या काळात रोज दहा वेळा ऐकू यायचं. नव्या कंपनीनं २०१९ ला जाहीर केलं की आमच्या नेटवर्कवर रोज २५ ते ३० कोटी मिस कॉल येतात. तीस कोटी! लासलगावच्या त्या माणसाची पहाटेची घंटी कुठल्यातरी कंपनीच्या तोट्याच्या खात्यात जाऊन बसली होती आणि त्याला पत्ताही नाही.

मग तिनं दोन गोष्टी केल्या. दुसऱ्या कंपनीला लावलेल्या कॉलचे ६ पैसे ग्राहकाकडून घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच सुमारास स्वतःच्या ग्राहकाच्या जाणाऱ्या कॉलची घंटी २० सेकंदांवर आणली. जुन्या कंपन्यांकडे ती ४५ सेकंदांपर्यंत वाजायची. जुन्या म्हणाल्या ही लबाडी आहे, घंटी मुद्दाम लवकर तोडायची म्हणजे आमचा ग्राहक उलट फोन करणार आणि पैसे तुम्हाला. नवी म्हणाली जगात सगळीकडे १५-२० सेकंदच असतात, तुम्हीच लांबवून ठेवलीये. भांडत भांडत जुन्यांनीही २५ वर आणली. नवी पण २५ वर आली. शेवटी १ नोव्हेंबर २०१९ ला नियामकानं ठरवून दिलं, मोबाइलला ३० सेकंद, लँडलाइनला ६०.

कागदावर ठीक आहे. पण आपल्याकडची ट्रिंग-ट्रिंग साधारण तीन सेकंदाला एक पडते, म्हणजे ३० सेकंदात दहा. आमची आजी ओट्यावर बसलेली असते, फोन आत फळीवर चार्जिंगला, गुडघे धरून उठून आत जाईपर्यंत बारा होतात हे मी मोजलंय. त्या नोव्हेंबरपासून तिला आलेला जवळजवळ प्रत्येक फोन मिस्ड, पहिल्या अर्थाचा, आणि ती बिचारी दुसऱ्या अर्थानं घेऊन खूश की सगळे पोचले. दोन्ही बाजूंच्या कंपन्यांनी एवढे कागद काळे केले त्यात घंटी ज्याच्या घरात वाजते त्याला किती वेळ लागतो हे मात्र शेवटपर्यंत कडेलाच राहिलं, असं माझं मत आहे. बरं, ज्यासाठी भांडण झालं ते ६ पैसे २०२१ च्या जानेवारीत शून्यावर आले. घंटी ३० चीच राहिली. मधे २०२० च्या मार्चपासून कोरोनाची ट्यून आली, मिस द्यायचा तर आधी कोणाचं तरी खोकणं ऐका, तेव्हाच बऱ्याच जणांनी नाद सोडला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवायला लागले.

पण मिस कॉलला खरा दणका घंटीनं नाही दिला. तो वर्षभर आधीच बसला होता. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी कमीत कमी रिचार्ज सक्तीचा केला, तेव्हा २८ दिवसांना ३५ रुपये, नाही मारला तर आधी आउटगोइंग बंद आणि थोड्या दिवसांनी इनकमिंगही. मामांच्या देवघरातली पावती त्या दिवशी नुसता कागद झाली. पुढे एका मोठ्या कंपनीत तोच आकडा २०२१ च्या शेवटी ९९ झाला, २०२३ मध्ये १५५.

यात सगळ्यात जास्त कोणाची पंचाईत झाली तर मोटारींची. पाण्याच्या मोटारींची म्हणतोय. दिंडोरीला आमच्या चुलतभावाच्या विहिरीवर स्टार्टरला जोडलेला एक डबा आहे, आत एक सिम. घरून मिस कॉल दिला की रिले टक्क वाजतो, मोटर चालू, आणि डबा उलट एक मिस देतो की झालं. असली यंत्रं पुण्याकडे फार आधीच तयार झाली होती, आमच्याकडे द्राक्षवाल्यांनी उचलली कारण आठवड्यातले निम्मे दिवस थ्री फेज लाइट रात्रीचीच, आणि रात्री दोनला बॅटरी घेऊन उसाच्या कडेनं विहिरीवर जायचं म्हणजे बिबट्याची भीती, ती काही गप्पांतली नाही. डबा कोणाशी बोलत नाही, नेट वापरत नाही, त्याला फक्त घंटी वाजलेली कळायला हवी. सिमचा रिचार्ज संपलाय हे मात्र त्याला सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन छाटणीनंतर पाणी हवं तेव्हा भाऊ घरून मिस वर मिस देतोय, 'या नंबरवर इनकमिंगची सुविधा नाही' असं काहीतरी ऐकू येतंय, आणि शेवटी गेला बॅटरी घेऊन.

आता नुसत्या कॉलचे पॅक निघालेत, वर्षाचा एक १,८०० च्या वर पडतो. भावानं यंदा तो मारला. डब्याला वर्षभर अनलिमिटेड बोलणं आणि ३,६०० एसएमएस मिळालेत.