पंप कोणी नेला, आणि आजी कूलरला हात लावेल का?

मे महिन्यात मी नागपुरात मुलांचं गोष्टी लिहिण्याचं शिबिर घेते. धंतोलीतली एक खोली, खिडकीत लोखंडी कूलर आणि समोर सातवी-आठवीतली पंधराएक पोट्टी. काय लिहायचं म्हटलं की निम्मे हात वर होतात, "रहस्यकथा!" वह्या तपासायला घेतल्या की कळतं, या एका शब्दात दोन निराळ्या जातीच्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक रहस्याची, दुसरी उत्कंठेची. इंग्रजीतले मिस्टरी आणि सस्पेन्स हे दोन शब्द आपणही वापरतो, पण "सस्पेन्स सांगू नको ना!" असं म्हणताना आपल्याला नेमकं अभिप्रेत असतं ते रहस्य. घोळ तिथूनच सुरू होतो.

कूलरच घ्या. सकाळी उठून बघावं तर पंप गायब. नळी लोंबकळतेय, टाकीच्या काठावर ओल्या मातीचा अंगठा उमटलाय आणि काल संध्याकाळी घरी चौघं येऊन गेले होते. घडायचं ते घडून गेलंय. वाचक उलट्या पावलांनी मागे जातो. शोध घेणाऱ्या मुलीला जेवढं दिसलं तेवढंच त्याला दिसतं. चोर त्या चौघांतलाच हवा. शेवटच्या पानावर कोणी पाचवा आणून उभा केला तर ती लबाडी, आणि मुलं ती माफ करत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. पंप जागेवर आहे, कूलर चालू आहे. पण वायर उंदरानं कुरतडलीय आणि उघडी तार पत्र्याला टेकलीय. हे वाचकाला पहिल्याच परिच्छेदात दाखवलंय. आजीला माहीत नाही. ती अनवाणी, हातात पाइप घेऊन पाणी भरायला निघते. वाटेत तुळशीपाशी थांबते. कुकरची दुसरी शिट्टी झाली का तिसरी, म्हणून स्वयंपाकघरात डोकावते. पुन्हा पाइप उचलते. इथे काहीच लपवलेलं नाही, तरी प्रत्येक शिट्टीला जीव वर येतो. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात, त्यामुळे हे उदाहरण ऐकताना कोणी हसत नाही.

मोठ्या माणसांना बाजूला करणं दोन्हीकडे भाग असतं. बाबांनी पहिल्याच पानावर पोलिसांना फोन केला तर बालकादंबरी संपलीच. पण रहस्यात मोठ्यांना ते सगळं पोरखेळ वाटतं म्हणून ते दूर राहतात, आणि उत्कंठेत ते वेळेवर पोचत नाहीत.

दोन्ही जाती एकाच लेखणीतून उतरलेल्या बघायच्या तर जोन लोअरी निक्सन या अमेरिकन लेखिकेकडे बघावं. जन्म १९२७, मृत्यू २००३. पहिली बालकादंबरी १९६४ साली आली. पुढे शंभराहून अधिक पुस्तकं आणि रहस्यलेखनासाठीचा एडगर पुरस्कार चारदा. त्यातला १९८७ चा पुरस्कार मिळालेलं पुस्तक 'द अदर साइड ऑफ डार्क'. गोळी लागलेली तेरा वर्षांची मुलगी चार वर्षांच्या बेशुद्धीतून जागी होते. आईचा खून तिनं पाहिलाय. खुन्याचा चेहरा आठवतोय की नाही, तेच तिला धड सांगता येत नाही. खुनी कोण हे कोडं आहेच, पण पानं उलटतात ती दुसऱ्याच धाकानं: हिला आठवायच्या आत तो येऊन पोचला तर? याउलट १९९४ चा पुरस्कार मिळालेलं 'द नेम ऑफ द गेम वॉज मर्डर'. बेटावरचा वाडा, नामवंत पाहुणे, प्रत्येकाचं एकेक गुपित आणि मेलेला यजमान. हे अस्सल कोडं. दोन्हींना पुरस्कार एकच, म्हणजे तिकडेही दोन्ही जाती एकाच फळीवर मांडतात म्हणायचं.

पण मला सर्वांत आवडतो तो सत्यजित राय यांचा नमुना. 'सोनार केल्ला' ही त्यांच्या फेलूदा या गुप्तहेराची कादंबरी १९७१ ची. तिच्यात डॉक्टर म्हणून वावरणारा माणूस तोतया आहे, हे आपल्याला बऱ्याच उशिरा कळतं. १९७४ साली त्यांनी स्वतःच त्यावर चित्रपट केला, तेव्हा खऱ्या डॉक्टरला कड्यावरून ढकललेलं प्रेक्षकाला आधीच दाखवून टाकलं. त्यानंतर तो तोतया पूर्वजन्म आठवणाऱ्या छोट्या मुकुलचं बोट धरून चालतो तेव्हा खुर्चीत नीट बसवत नाही. कथानक तेच, फक्त एक माहिती शेवटाकडून अलीकडे सरकली आणि गोष्टीची जात बदलली.

आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुठे बसवायचा? मी तर उत्कंठेकडेच झुकेन. बन्या पुरावे मांडत बसत नाही, आधी अडचणीत उडी घेतो आणि 'ट्टॉक' नंतर करतो.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलानं मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची गोष्ट लिहिली होती. पाच वर्षांचा धाकटा भाऊ गर्दीत हरवतो. सात पानं शोधाशोध. ती वाचताना मला जांभई आली. आठव्या पानावर कळतं, पोरगं एका बडग्याच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या, तणसाच्या पोटात शिरून झोपलंय. बडगे मिरवणुकीनंतर जाळतात! एवढा ऐवज हाती असून त्यानं तो तळाशी पुरून ठेवला होता. मी म्हटलं, आठवं पान उचल आणि पहिल्यावर आण.

"ताई, आधीच सांगून टाकलं तर मंग पुढचं वाचंन कोन?"

कुरकुरत का होईना, दुसऱ्या दिवशी बदलून आणलंन आणि मोठ्यानं वाचलंन. मिरवणूक इतवारीतून पुढे सरकत होती, ढोल वाजत होते, आई भलत्याच गल्लीत हाका मारत होती, आणि बडग्याच्या गाडीमागून एक जण रॉकेलचा डबा घेऊन चालला होता. मधेच आमच्या कूलरमधलं पाणी संपलं, गरम झळा यायला लागल्या. पाइप लावायला कोणी उठलं नाही.