मूल आणि प्राणी यांच्या मैत्रीची पहिली प्रकरण-पुस्तके

चित्रकथा मागे टाकलेल्या, पण कादंबरी अजून न पेलणाऱ्या साधारण सहा ते आठ वर्षांच्या वाचकांसाठीचा, मुख्यतः अमेरिकेत वाढलेला बालसाहित्यप्रकार. मोठा टाइप, आखूड ओळी, जवळपास प्रत्येक पानावर चित्र आणि पाच-सहा पानांत संपणारी प्रकरणे. एक प्रकरण मुलाने कुणाच्या मदतीशिवाय एका बैठकीत वाचून संपवावे, हा त्यामागचा हेतू. या पुस्तकांत मूल आणि प्राणी ही जोडी वारंवार येते.

१९५०च्या दशकात अमेरिकी शाळांतली वाचनाची क्रमिक पुस्तके फार नीरस आहेत, अशी ओरड सुरू झाली. १९५७ मध्ये हार्पर या प्रकाशनसंस्थेने ‘आय कॅन रीड’ ही माला काढली. तिचे पहिले पुस्तक ‘लिटल बेअर’; लेखिका एल्स होल्मलंड मिनारिक, चित्रे मॉरिस सेंडॅक यांची. पुढच्याच वर्षी सिड हॉफ यांच्या पुस्तकात डॅनी हा मुलगा संग्रहालयातल्या डायनासोरबरोबर दिवसभर शहरात भटकला. १९६० मध्ये लिटल बेअर या अस्वलाच्या पिल्लाला एमिली नावाची मुलगी मैत्रीण म्हणून मिळाली. उन्हाळा संपताच ती शाळेसाठी परत जाते. अस्वल काय, डायनासोर काय, दोघेही माणसासारखे बोलतात.

न बोलणारा प्राणी मध्यभागी आणून हा प्रकार खरा फुलवला तो सिंथिया रायलंट यांच्या ‘हेन्री अँड मज’ मालेने. पहिले पुस्तक १९८७ चे, चित्रकार सूसी स्टीव्हन्सन. हेन्रीला ना भाऊ ना बहीण, गल्लीत खेळायलाही कोणी नाही. तो भाऊ मागतो. आईवडील नाही म्हणतात. दुसऱ्या गल्लीत राहायला जाऊ म्हणतो, तेही नाही. मग कुत्रा मागतो. आईवडील पुन्हा नाही म्हणणारच असतात, पण आधी भावंडांविना घराकडे, मग सुन्या गल्लीकडे आणि शेवटी हेन्रीच्या चेहऱ्याकडे पाहतात, आणि तयार होतात. पिल्लू येते, त्याचे नाव मज. एकामागून एक सात पट्टे त्याला अपुरे पडतात. वाढ थांबते तेव्हा त्याचे वजन १८० पौंड, म्हणजे जवळजवळ ८२ किलो भरते, आणि तोंडातून लाळ गळत असते. पूर्वी शाळेच्या वाटेवर हेन्रीच्या मनात वादळे, भुते आणि दांडगट पोरे यायची. आता मज बरोबर असतो, म्हणून व्हॅनिला आइस्क्रीम, पाऊस आणि चांगली स्वप्ने येतात. एवढ्या मोजक्या शब्दांत भीतीचे निवारण दाखवणे सोपे नाही. रायलंट यांचे कसब मला इथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

नवख्या वाचकाला लांब संवाद जड जातात, कोण कोणाला बोलले याचा घोळ होतो. मुका सोबती तो घोळच मिटवतो: मुलाने बोलायचे, कुत्र्याने शेपूट हलवायची, आणि उरलेले चित्राने सांगायचे. शिवाय घरात आणि शाळेत सर्वांत धाकटे असलेले मूल इथे थोरले ठरते. खाऊ घालणे, हरवल्यावर शोधणे ही कामे त्याचीच. पंचतंत्रातले कोल्हे-कावळे माणसांच्या स्वभावांचे मुखवटे असतात. मज मात्र शेवटपर्यंत कुत्राच राहतो, म्हणून त्याच्यावर तात्पर्याचे ओझे पडत नाही. एक उणीव मात्र जाणवते: प्राणी पाळण्याचा त्रास, खर्च, शेजाऱ्यांची कुरकुर यांतले फारसे काही या पुस्तकांत शिरत नाही.

पुढे ही माला पंचवीसहून अधिक पुस्तकांपर्यंत गेली. हेन्रीची चुलत बहीण ॲनी आणि तिचा ससा स्नोबॉल यांची वेगळी माला निघाली. नवख्या वाचकांच्या पुस्तकांसाठीचा गायझेल पुरस्कार २००६ मध्ये प्रथम दिला गेला, तो हेन्री आणि मज यांच्याच एका पुस्तकाला.

पुस्तकाबाहेरही या जोडीला एक सोयरिक आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत प्रशिक्षित कुत्र्यांना मुलांनी मोठ्याने वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो ग्रंथालयांत पसरला. अडखळले तरी श्रोता चुका काढत नाही, हे त्याचे साधे तत्त्व.

मराठी मुलांना स्वतः वाचता येतील अशा प्राणिकथा ‘प्रथम बुक्स’ या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ पासूनच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात चार पातळ्यांत सापडतात. त्यांतली तिसरी पातळी या वयोगटाला जवळची. मात्र त्या कथा बहुतांशी अखंड असतात, प्रकरणांत विभागलेल्या नसतात. त्यामुळे त्यांना या प्रकाराचे शेजारी म्हणणे योग्य.