लॅपटॉप घेताना आधी बटणं दाबून बघा

कीबोर्डवरचं एखादं बटण अगदी सावकाश, जोर थोडाथोडा वाढवत दाबून बघा. सुरुवातीला ते बोटाला विरोध करतं आणि मग एका क्षणी तो विरोध अचानक ढासळतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रत्येक बटणाखाली रबराचा छोटा घुमट असतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याच्या भिंती एकदम वाकतात, जोराच्या वाऱ्यात छत्री उलटी होते तशा. त्यानंतर लगेच खालच्या दोन प्लास्टिक पडद्यांवरचे वाहक पट्टे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. विरोध ढासळला म्हणजे काम झालं, हे बोटाला मेंदूच्या आधीच कळल्यासारखं वाटतं. हा इशारा स्पष्ट असेल तर माणूस बटण तळापर्यंत आपटत बसत नाही, आणि दिवसभर टाइप करूनही बोटं कमी थकतात.

घुमटाभोवती एक्सच्या आकारात अडकवलेले दोन बारीक हात असतात. त्यांच्यामुळे बटण कडेला दाबलं तरी सरळ खाली जातं. ऑफिसच्या वापरासाठी बनवलेल्या चांगल्या लॅपटॉपमध्ये बटणाची ही खाली जाण्याची वाट साधारण दीड मिलिमीटर असते. थिंकपॅड या ऑफिसच्या वापराच्या लॅपटॉप मालिकेतल्या जुन्या यंत्रांत ती याहून जास्त होती. अर्धा मिलिमीटर वाचवून काय साधतं? जाहिरातीत यंत्र पातळ दिसतं. अ‍ॅपलने २०१५ मध्ये १२ इंची मॅकबुकसाठी बटरफ्लाय नावाची फार उथळ रचना आणली. बटणाखाली धुळीचा कण गेला की ते अडकायचं किंवा एकच अक्षर दोनदा उमटायचं. २०१८ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना काढली, २०१९ च्या अखेरीस १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये जुनी रचना परत आणली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला दावा ५ कोटी डॉलर देऊन मिटवला. इतक्या श्रीमंत कंपनीलाही बोटाशी वाटाघाटी करता आल्या नाहीत.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायला हवी, जी इंग्रजी परीक्षणांत कधी सापडत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत अर्धविरामाच्या बटणावर च, त्याच्या उजवीकडे ट, चौकटी कंसावर ड आणि उलट्या तिरक्या रेषेच्या बटणावर ॉ आहे. इंग्रजीत ही सगळी बटणं विरामचिन्हांची, म्हणजे अधूनमधून लागणारी. त्यामुळे शेजारी अंकांचा वेगळा चौकोन बसवायचा झाला की कंपन्या उजव्या कडेचीच बटणं चिंचोळी करतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला ते जाणवतही नाही. मराठी लिहिणाऱ्याला ‘चटकन’ लिहितानासुद्धा ठेच लागते. शिवाय ख, घ, थ, ध, भ आणि ळ या सगळ्यांना शिफ्ट लागते, तेव्हा दोन्ही शिफ्ट भरपूर रुंद हव्यात. युरोपातून आलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये एंटर उंच आणि डावी शिफ्ट आखूड असते. स्वस्त मिळतात, पण दुकानात चार ओळी मराठी टाइप करून बघितल्याशिवाय घेऊ नयेत.

आता टिकाऊपणा. ‘मिलिटरी ग्रेड’ हे स्टिकर दिसलं की ग्राहक निम्मा विरघळतो. त्यामागचं मानक खरंच अमेरिकी संरक्षण खात्याचं आहे. त्याचं नाव मिल-एसटीडी-८१०, पहिली आवृत्ती १९६२ ची. पण कोणतंही सैन्य लॅपटॉपला त्याचं प्रमाणपत्र देत नाही. वस्तूच्या वापराप्रमाणे चाचणी बेतण्याची मुभा मानकातच आहे, त्यामुळे कोणत्या चाचण्या करायच्या आणि किती कठोर, हे कंपनीच ठरवते. वरून टाकण्याच्या चाचणीत २६ आपट्या असतात, आणि त्या पाच वेगवेगळ्या नगांत वाटून घेता येतात! म्हणजे एकाच लॅपटॉपने सगळ्या सोसल्या असं समजायचं कारण नाही.

पडण्याचं गणित तसं सोपं आहे. ७५ सेंटीमीटर उंच टेबलावरून पडलेला लॅपटॉप २ मिलिमीटरच्या आत थांबला तर त्याला सरासरी गुरुत्वाच्या ३७५ पट धक्का बसतो. कोपरा थोडा दबून तेच अंतर ५ मिलिमीटर झालं तर धक्का १५० पटींवर येतो. म्हणून कोपरे जरा दबणारे हवेत आणि मधली चौकट ताठ. चौकटीसाठी मॅग्नेशियमचा मिश्रधातू उत्तम. तो मुळात अ‍ॅल्युमिनियमहून कमी ताठ असतो, पण हलकाही असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनात दीडपट जाड पत्रा मिळतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा पत्रा शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्या दुपटीहून ताठ ठरतो.

मला मात्र पडण्यापेक्षा बिजागरीची जास्त धास्ती वाटते. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नळ्यांत घट्ट केलेले असतात. बिजागरी घट्ट होत गेली की झाकण उघडताना सगळा ताण त्या प्लास्टिकवर येतो, आणि एके दिवशी नळीसकट तुकडा निघतो. दुकानात झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा. पडदा पिळवटला किंवा खालचा भाग कुरकुरला तर पुढचा नग मागा.

किमतीबद्दल बोलताना मी दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारतो: कीबोर्ड सुटा बदलतो का? अनेक स्वस्त आणि पातळ लॅपटॉपमध्ये तो वरच्या आवरणाला प्लास्टिक वितळवून चिकटवलेला असतो. मग चहा सांडला की ते अख्खं आवरणच, म्हणजे ‘सी पॅनेल’, बदलावं लागतं. बिझनेस मालिकांमध्ये तो बहुधा स्क्रूंनी बसवलेला असतो, दुरुस्तीची सविस्तर पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते आणि सुटे भाग बरीच वर्षं येत राहतात. जास्तीचे पैसे बऱ्याच अंशी याचेच असतात. समजा, ४५ हजारांचा लॅपटॉप तीन वर्षं चालला आणि ८४ हजारांचा सात, तर वर्षाला पहिला १५ हजारांना पडला, दुसरा १२ हजारांना. मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागेल ती धरूनही दुसराच परवडतो. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला १८ टक्के कराचं क्रेडिटही मिळतं.

एकरकमी ८४ हजार जमत नसतील तर कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांतही मिळतात. माझ्या मते लिहिण्याचं काम असणाऱ्याने त्याच पैशात मिळणाऱ्या नव्या, तकलादू लॅपटॉपपेक्षा हाच घ्यावा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा यंत्रावर विंडोज ११ चालायला हवं, आणि त्यासाठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता ताडून बघा. आणि पैसे देण्याआधी बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची यंत्राची मूळ सेटिंग, उघडून बघा, तिथे आधीच्या कंपनीचा पासवर्ड उरलेला नको. शक्य असेल तर इंटरनेट जोडून विंडोज नव्याने टाकायला सांगा. यंत्र अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं असेल तर सुरुवातीलाच ते तिथल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन मागतं.