नाव टाकले की संकेतस्थळ सापडते, ते कोणामुळे?

सप्टेंबर २०२१ मध्ये लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयात अँड्रॉइडसंबंधीच्या दंडाविरुद्ध बाजू मांडताना गूगलच्या वकिलांनी सांगितले की, मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ या शोधयंत्रावर सर्वाधिक शोधला जाणारा शब्द ‘गूगल’ हाच आहे. लोक आपल्याकडे स्वखुशीने येतात, हे त्यांना ठसवायचे होते. पण त्या निमित्ताने एक सवयही नोंदली गेली. संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता लिहिण्याच्या भानगडीत न पडता लोक शोधपेटीत नाव टाकतात आणि वरच्या दुव्यावरून आत शिरतात. संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी ‘अल्टाव्हिस्टा’ या त्या काळच्या शोधयंत्राच्या नोंदी तपासून २००२ मध्ये शोधांचे वर्गीकरण मांडले, तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा अशा ‘मला अमुक ठिकाणी न्या’ छापाच्या शोधांचा होता.

अशा शोधाला बहुधा एकच बरोबर उत्तर असते, आणि नेमके तेच केवळ शब्द जुळवून सापडत नाही. एखाद्या संस्थेचे नाव तिच्या स्वतःच्या मुखपृष्ठापेक्षा तिच्याविषयीच्या बातम्यांत अधिक वेळा येते. मुखपृष्ठावर कित्येकदा बोधचिन्ह आणि चार बटणे एवढेच असते. फेब्रुवारी २०१० मध्ये फेसबुकच्या लॉगिन सुविधेवरील ‘रीडराइटवेब’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाचा एक लेख गूगलवर ‘फेसबुक लॉगिन’ या शोधासाठी वर आला, तेव्हा फेसबुकवर जायला निघालेले अनेक जण त्या लेखावर पोहोचले आणि हेच नवे फेसबुक समजून ‘जुने परत द्या’ अशा तक्रारी लिहू लागले. त्यांना हसणे सोपे आहे, पण यंत्राने त्यांना चुकीच्या दारी सोडले होते, हे विसरता कामा नये. कंपन्यांकडून शुल्क घेऊन नावांची स्वतंत्र नोंदवही ठेवण्याचा ‘रिअलनेम्स’ या अमेरिकी कंपनीचा प्रयोगही २००२ मध्ये गुंडाळला गेला.

जो मार्ग टिकला तो वेगळा होता: शोधणाऱ्यांनी शेवटी कोणता दुवा उघडला, हेच पुरावा म्हणून वापरायचे. ‘डायरेक्ट हिट’ या अमेरिकी कंपनीने १९९८ च्या सुमारास ही कल्पना बाजारात आणली. मात्र क्लिक म्हणजे मत, असे सरळ समीकरण येथे चालत नाही. कॉर्नेल विद्यापीठात थॉर्स्टन योआखिम्स आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. नजर पहिल्या आणि दुसऱ्या दुव्यावर जवळजवळ सारखीच जात होती, क्लिक मात्र पहिल्यावर कितीतरी अधिक पडत होते. संशोधकांनी गुपचूप या दोघांची अदलाबदल केली, तरी पहिल्या जागेचे झुकते माप कायम राहिले. म्हणून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने क्लिक सापेक्ष रीतीने वाचण्याचा आग्रह धरला: कोणी पहिले दोन दुवे ओलांडून तिसरा उघडला, तर ‘तिसरा चांगला’ एवढेच न म्हणता ‘वरच्या दोघांपेक्षा तिसरा बरा’ असे म्हणावे. उघडलेल्या पानावरून माणूस लगेच मागे फिरला की तिथेच थांबला, हेही पाहावे लागते.

नावाच्या शोधात हा पुरावा विशेष भक्कम असतो, कारण माणसे वेगवेगळी असली तरी त्यांचे क्लिक एकाच ठिकाणी गोळा होतात. ‘मधुमेह’ शोधणाऱ्यांचे क्लिक दहा दिशांना विखुरतात. एखाद्या बँकेचे नाव शोधणाऱ्यांचे तसे होत नाही.

या पुराव्यात किती जोर आहे, हे गूगलनेच एका भांडणात दाखवून दिले. बिंग आपली नक्कल करते या संशयावरून गूगलने सुमारे शंभर निरर्थक अक्षरजुळण्या घेतल्या आणि त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेली पाने आपल्या निकालांत मुद्दाम वर लावली. मग सुमारे वीस अभियंत्यांनी मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर आणि त्याला जोडलेली बिंगची शोधपट्टी वापरून गूगलवरून ती पाने उघडली; या दोन्हींतून क्लिकची माहिती मायक्रोसॉफ्टकडे जाऊ शकत होती. काही आठवड्यांत त्यांपैकी सात ते नऊ शब्दांसाठी तीच पाने बिंगवरही दिसू लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये हे जाहीर झाल्यावर ‘चोरी’ विरुद्ध ‘वापरकर्त्यांच्या वर्तनाचा अभ्यास’ असा वाद रंगला. माझ्या मते त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, पानावर शब्द नसतानाही मूठभर क्लिकांनी नाव आणि पान यांची गाठ पडू शकली. खोटे क्लिक पाडून क्रमवारी फिरवू पाहणाऱ्यांना रोखणे शोधयंत्रांना का आवश्यक ठरते, तेही यातून उमगते.

मराठी वापरकर्त्यांना या सामूहिक अभिप्रायाचा लाभ शुद्धलेखनाच्या वाटेने मिळतो. जमिनीचा उतारा हवा असलेला माणूस ‘सातबारा’, ‘७/१२’ किंवा रोमन लिपीत कधी एक ‘ए’ तर कधी दोन घालून शोधतो. जायचे मात्र सर्वांना ‘महाभूलेख’वरच असते. पहिल्या प्रयत्नात काहीच न उघडता लगेच शब्द बदलून लिहिणारा माणूस नकळत दोन रूपांची जोडी यंत्राच्या हाती देतो. अडचण येते ती सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बदलल्यावर, कारण साठलेली क्लिक जुन्या पत्त्याच्या बाजूने असतात आणि नव्या पत्त्याच्या खात्यावर काहीच नसते.

ही साठवण किती मोठी असते, ते अमेरिकेतील गूगलविरोधी मक्तेदारी खटल्यात उघड झाले. ‘नॅव्हबूस्ट’ ही गूगलची प्रणाली तेरा महिन्यांची क्लिक-माहिती वापरते, अशी साक्ष २०२३ मध्ये झाली. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ च्या निकालात नमूद केले की, गूगलला तेरा महिन्यांत मिळणारी वापरकर्त्यांची माहिती जमवायला बिंगला सतरा वर्षांहून अधिक काळ लागेल. मोठ्या नावांसाठी थोडीशी माहितीही पुरते. गावातील पतसंस्था किंवा तालुक्याच्या महाविद्यालयाचे नाव वर्षातून मोजकेच लोक शोधतात, आणि खरा फरक तिथे पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता यांनी या माहितीचा काही भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश गूगलला दिला.