क्रूझवरचे मुलांचे क्लब: जहाज ठरवण्याआधी मुलांचं वय बघा

कोल्हापुरातून क्रूझला निघणारं कुटुंब सहसा एकटं नसतं. दोन भावांची बिऱ्हाडं, आजी-आजोबा, पुण्याहून येऊन मिळणारे बहीण-मेहुणे, आणि पोरंटोरं धरून बारा-पंधरा माणसं सहज होतात. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात चौकशीला आल्यावर पहिला प्रश्न दराचा असतो, दुसरा शाकाहारी जेवणाचा, तिसरा बाल्कनीच्या केबिनचा. मुलांची वयं निघतात ती तिकिटाच्या दरापुरती. आम्ही मात्र ती सगळ्यात आधी विचारतो, आणि नुसतं ‘सात वर्षांचा आहे’ एवढ्यावर थांबत नाही, जन्मतारीख मागतो. त्यामागचं कारण नीट कळावं म्हणून हे पत्रक.

मोठ्या क्रूझ जहाजांवर मुलांसाठी क्लब असतात. खेळ, चित्रकला, विज्ञानाचे प्रयोग, व्हिडिओ गेम, नाच, सगळं तिथं चालतं आणि दिवसभराचा खर्च बहुतेक ठिकाणी तिकिटातच धरलेला असतो. जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी मुलांची निम्मी सहल या क्लबमध्येच होते. पण प्रत्येक क्लबला वयाची मर्यादा असते आणि ती काटेकोरपणे पाळली जाते. दारात आलेल्या मुलाला ‘तुझा गट हा नाही’ असं सांगितलं, तर भर समुद्रात त्यावर काहीही करता येत नाही. त्यावर उपाय करायचा तो बुकिंगच्या आधी, इथं बसूनच.

कोणत्या दिवशीचं वय?

सर्वसाधारण नियम असा की जहाज सुटतं त्या दिवशी पूर्ण झालेलं वय धरतात. मूल कितवीत आहे याला तिथं अर्थ नाही, आणि ‘पुढच्या महिन्यात आठवं लागतंय’ यालाही नाही. पुरावा म्हणजे पासपोर्टवरची जन्मतारीख. मुंबईहून सुटून देशातच फिरणाऱ्या क्रूझसाठी मुलांचं कोणतं ओळखपत्र चालतं हे आम्ही बुकिंगच्या वेळी सांगतो, पण सगळ्या कागदांवर तारीख एकच असली पाहिजे. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी असं असेल, तर आधी ती दुरुस्ती करून घ्या. अठराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षं चालतो, त्यामुळे आई-बाबांचे पासपोर्ट ठीक असतात आणि धाकट्याचाच संपत आलेला निघतो.

सहलीच्या मध्येच वाढदिवस येत असेल तर आम्हाला जरूर सांगा. काही कंपन्या सुटण्याच्या दिवशीचा गट शेवटपर्यंत कायम ठेवतात, काही जण वाढदिवसानंतर वरच्या गटात जाऊ देतात. हे आम्ही कंपनीला आधीच विचारून घेतो.

चुलत भावंडं एकत्र राहतील का?

सगळ्यात जास्त हिरमोड इथं होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. प्रत्येक कंपनीने वयाचे गट आपापल्या पद्धतीने पाडले आहेत. एमएससीच्या जहाजांवर 3 ते 6, 7 ते 11, 12 ते 14 आणि 15 ते 17 असे गट असतात. कार्निव्हलवर 2 ते 5, 6 ते 8, 9 ते 11 आणि पुढे 12 ते 14, 15 ते 17. नॉर्वेजियनवर 3 ते 5, 6 ते 9, 10 ते 12 आणि मग 13 ते 17 असा सगळा एकच मोठा गट. प्रिन्सेसवर 3 ते 7, 8 ते 12 आणि 13 ते 17. डिस्नेच्या जहाजांवर 3 ते 10 एकत्र, मग 11 ते 14 आणि 14 ते 17.

आता आपल्या घरातली पोरं यात बसवून बघा. थोरल्याचा मुलगा 12 वर्षांचा, धाकट्याची मुलगी 10 ची, आणि दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नाही. नॉर्वेजियनवर दोघं एकाच खोलीत खेळतील. एमएससीवर किंवा कार्निव्हलवर तो टीन क्लबमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलांच्या क्लबमध्ये, जाईल आणि ती लहान मुलांत राहील. उलट 3 आणि 6 वर्षांची भावंडं एमएससीवर एकत्र राहतात, कार्निव्हलवर वेगळी होतात. आणि 14 ची ताई व 16 चा दादा असेल, तर नॉर्वेजियन किंवा प्रिन्सेसवर ते सोबत असतील, एमएससीवर नाही.

बाराव्या वर्षाकडे विशेष लक्ष द्या. कंपन्यांचं एकमत होत नाही ते याच वयावर. कुठे बारा वर्षांचं मूल मोठ्यांत धरतात, कुठे लहानांत. मूल अजून खेळण्यात रमणारं असेल तर त्याला चौदा वर्षांच्या मुलांत बसवून काही उपयोग नाही. आणि अंगापिंडानं वाढलेल्या, आता दाढी-मिशांच्या गप्पा मारणाऱ्या मुलाला आठ वर्षांच्या पोरांबरोबर रंगकाम करायला लावलं तर तो दुसऱ्या दिवशी क्लबचं नाव काढणार नाही. हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून आम्हाला मोकळेपणानं सांगा.

मोठ्या भावंडाने लहानांच्या गटात बसायचं ठरवलं तर काही जहाजांवर त्याला परवानगी मिळते. लहानाला मोठ्यांच्या गटात मात्र जवळपास कुणीच घेत नाही. ‘आमची हुशार आहे हो, मोठ्यांत मिसळते’ हे तिथं चालत नाही, आणि ते योग्यच आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची दंगामस्ती, त्यांचं बोलणं, त्यांचे खेळ नऊ वर्षांच्या मुलीसाठी नसतात. तिला सांभाळणारी माणसंही त्या वयासाठी नेमलेली नसतात. या नियमावरून कंपनीशी वाद घालण्यात आम्ही तुमचा वेळ घालवत नाही. आपल्या घराला बसेल असं जहाज शोधून देतो.

सुट्ट्यांचा एक मुद्दा. आपली पोरं मोकळी असतात ती मे महिन्यात आणि दिवाळीत. युरोपातल्या शाळा मे महिन्यात बहुतेक चालूच असतात. त्यामुळे मे महिन्यात भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर मुलं तुलनेनं कमी असतात आणि कमी मुलं असली की दोन गट एकत्र चालवले जातात. काही कुटुंबांना हे सोयीचं पडतं. पण एकुलत्या एका तेराच्या मुलाला समवयस्क सोबत हवी असेल, तर ही गोष्ट आधी लक्षात घ्या.

तीनच्या आतलं बाळ

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुतेक मोठ्या कंपन्या जहाजावरच घेत नाहीत. अटलांटिक ओलांडण्यासारखे सलग अनेक दिवस समुद्रात राहणारे मार्ग असतील तर बारा महिने पूर्ण लागतात. भर समुद्रात बाळ आजारी पडलं तर जहाजावर मोठं इस्पितळ नसतं, हे त्यामागचं कारण आहे. सहा महिने ते तीन वर्षं या वयासाठी रॉयल कॅरिबियन आणि डिस्नेच्या अनेक जहाजांवर पाळणाघर आहे, पण त्याचे तासावर पैसे पडतात आणि जागा थोड्या असतात. नॉर्वेजियनच्या बहुतेक जहाजांवर या वयाच्या बाळांबरोबर आई किंवा बाबांनी थांबायचं असतं.

तिसरं वर्ष पूर्ण झालं म्हणजे क्लबचं दार उघडलं असं नाही. बहुतेक कंपन्यांत डायपर सुटलेला असला पाहिजे. ओढून घालायच्या चड्डीसारखे डायपरही चालत नाहीत. कार्निव्हल याला अपवाद आहे, तिथे दोन वर्षांपासून घेतात आणि डायपरही बदलतात. बाकी बहुतेक ठिकाणी मुलाने शी-शू स्वतः सांगायची, स्वतः जायचं आणि स्वतः स्वच्छ व्हायचं. आपल्याकडे चार वर्षांच्या मुलालाही आजी किंवा आई धुवून देते. क्लबमधली ताई ते करणार नाही. शिवाय जहाजावर कमोड असतो, जेट स्प्रे सहसा नसतो, कागदच असतो. ज्या मुलाला हे माहीत नाही ते तिथं लाजतं, धरून ठेवतं आणि मग कपड्यात होतं; मग क्लबवाले तुम्हाला बोलावून घेतात. सहलीच्या दोन महिने आधीपासून घरी सवय लावा. टॉयलेट पेपरने पुसणं, चड्डी स्वतः वर घेणं, साबणाने हात धुणं, एवढं आलं की झालं.

हा नियम इतका कडक का, तर बंद जहाजात पोटाचा संसर्ग वाऱ्यासारखा पसरतो. डायपरमधल्या मुलांना पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत तेही यामुळेच, पोहण्याचा डायपर असला तरी. काही जहाजांवर अशा बाळांसाठी पाण्याचे वेगळे फवारे असतात. जुलाब-उलट्या किंवा ताप असेल तर कोणत्याही वयाच्या मुलाला क्लबमध्ये सोडू नका.

क्लबच्या दारात काय होतं

पहिल्याच दिवशी, जहाजावर चढल्यावर, नोंदणी करून टाका. अर्ज भरताना मुलाचं नाव, केबिन नंबर, औषधं आणि ॲलर्जी विचारतात. शेंगदाणा चालत नसेल तर आवर्जून लिहा. आपल्या घरात कूट कशात नाही ते सगळ्यांना ठाऊक असतं, तिथल्या माणसांना ते माहीत नसतं. मांस-मासे, अंडं चालत नसेल तर तेही लिहा, कारण काही क्लबमध्ये मुलांना तिथंच खायला देतात. अनेक जहाजांवर लहान मुलांच्या मनगटाला पट्टी बांधतात आणि आणीबाणीत त्याला कुठे न्यायचं ते त्यावर असतं. ती पोरांनी ओढून काढायची नाही.

मुलाला कोण नेऊ शकतं त्यांची नावं अर्जात लिहावी लागतात. फक्त आई-बाबांचीच लिहू नका. आजोबा, काका, आत्या, जे कुणी आणायला जाणार असतील त्या सगळ्यांची लिहा. अर्जात नाव नसेल तर सख्ख्या आजोबांच्या हातीही मूल देणार नाहीत. मान दुखावून घेऊ नका, तुमच्याच लेकरासाठी ते आहे.

नऊ-दहा वर्षांपासून पुढे काही कंपन्या मुलाला एकट्याने ये-जा करायची परवानगी देतात, पण पालकांनी अर्जात होकार दिला तरच. पहिल्यांदाच क्रूझला जात असाल तर आमचा सल्ला, पहिले दोन दिवस हा होकार देऊ नका. जहाज पंधरा-सोळा मजल्यांचं असतं आणि सगळे जिने सारखेच दिसतात.

रात्री दहानंतर लहान मुलांसाठी क्लब चालू ठेवतात तिथे बऱ्याच जहाजांवर तासाचे पैसे लागतात. ते जहाजावरच्या खात्यात जमा होतात आणि शेवटच्या दिवशी बिलात दिसतात, म्हणून दर आधीच विचारून ठेवा.

मराठी माध्यमातल्या मुलांचे पालक थोडे काळजीत असतात. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझवर हिंदीत काम भागतं. परदेशी जहाजांवर क्लब मुख्यतः इंग्रजीत चालतो. मुलाला चार वाक्यं इंग्रजीत पाठ करून द्या: संडासला जायचं आहे, पोट दुखतंय, आईला बोलवा, आणि आपला केबिन नंबर. बाकी खेळात भाषा फार आड येत नाही.

टीन क्लब म्हणजे सांभाळणं नाही

ही गोष्ट पालकांच्या लक्षात फार उशिरा येते. लहान मुलांच्या क्लबमध्ये मूल सोपवतात आणि सही करून परत घेतात. टीन क्लबमध्ये तसं नाही. मुलं मनाला येईल तेव्हा येतात, मनाला येईल तेव्हा निघून जातात. तिथे कर्मचारी असतात, कार्यक्रम असतात, पण तुमची मुलगी साडेदहाला तिथून उठून डेकवर गेली तर तुम्हाला कुणी कळवणार नाही. काही जहाजांवर मध्यरात्रीनंतर मुलांनी बाहेर फिरू नये असा नियम असतो, तेवढाच आधार. म्हणून घरचे नियम घरीच ठरवून निघा: जेवायला कुठे भेटायचं, रात्री किती वाजता केबिनमध्ये यायचं, दुसऱ्याच्या केबिनमध्ये जायचं नाही. जहाजावर साधा फोन सहसा लागत नाही. कंपनीच्या ॲपवरून निरोप पाठवता येतो, पण काही ठिकाणी त्याचेही पैसे असतात, तेव्हा वेळ आणि जागा ठरवणंच बरं.

आता बारावीच्या मुलांबद्दल. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, मे महिन्यात सहल. या वयात निम्मी मुलं सतरा पूर्ण असतात आणि निम्मी अठरा. सतराचा मुलगा टीन क्लबमध्ये जाऊ शकतो. अठरा पूर्ण झालेल्याला तिथे मज्जाव आहे, कारण तो आता कायद्याने मोठा माणूस आणि आत तेरा वर्षांच्या मुली आहेत. एकाच वर्गातले दोघं मित्र बरोबर निघाले तर एक आत आणि एक बाहेर असं होऊ शकतं. अठराच्या मुलाला मद्याचं काय, तर ते जहाज कुठून सुटतं त्यावर आहे. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर वय 21 लागतं, युरोप-आशियातून सुटणाऱ्या बऱ्याच जहाजांवर 18 चालतं. हे पालकांना आधी माहीत असावं म्हणून सांगतो.

काही खेळांना वयापेक्षा उंची बघतात. रॉयल कॅरिबियनच्या लाटांवरच्या खेळात फळीवर पालथं झोपून खेळायला 52 इंच उंची लागते, उभं राहून खेळायला 58 इंच. घरातल्या भिंतीवर मोजून या.

आमच्याकडे येताना

सगळ्या मुलांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स आणा. पासपोर्ट काढायचा असेल तर जन्मदाखला आणा, आम्ही अर्ज भरायला मदत करतो. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन एकटे जाणार असतील, किंवा आई-बाबांपैकी एकच जाणार असेल, तर संमतीपत्र लागतं. ते कसं हवं हे कंपनी आणि देश बघून सांगू. मूल एखाद्या विशेष गरजेचं असेल, बोलायला वेळ घेत असेल, गर्दीला घाबरत असेल, तर तेही सांगा. काही कंपन्या अशा मुलाला त्याच्या वयाऐवजी त्याला झेपेल त्या गटात बसवायचा विचार करतात, पण त्यासाठी आधी पत्रव्यवहार करावा लागतो.

वयाचे गट कंपन्या अधूनमधून बदलतात, आणि एकाच कंपनीच्या दोन जहाजांवर फरक असू शकतो. म्हणून बुकिंगची रक्कम घेण्याआधी तुमच्या जहाजाचे, तुमच्या तारखेचे नियम आम्ही कंपनीकडून लेखी मागवतो आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचा गट लिहून तो कागद तुम्हाला देतो. तो वाचून, घरी मुलांनाही दाखवून, मगच पैसे भरा.